हिल हाउस, एकास पन्नास: प्रकल्प नोंदी

३ मे २०२४

प्रतिकृतीला मंजुरी मिळाली. पावसाळ्याच्या अखेरीस कॉलेजमध्ये पाऊस आणि इमारती या विषयावर प्रदर्शन आहे, त्यात मधल्या टेबलावर एकच मोठी प्रतिकृती ठेवायची. मी स्कॉटलंडमधल्या हेलेन्सबरो गावचं हिल हाउस सुचवलं होतं. बैठकीत सरांनी चष्मा काढून विचारलं, "पावसाचं प्रदर्शन आणि घर हेलेन्सबरोचं? कोकणातलं एखादं घे की."

कोकणातल्या घराने पावसाचा प्रश्न कधीच निकालात काढला आहे. उतरतं छप्पर, माणूसभर पुढे आलेली वळचण, उंच जोतं, पडवी. त्यात दाखवण्यासारखं पुष्कळ आहे, पण भांडण्यासारखं काही नाही. हिल हाउस उलट आहे. चार्ल्स रेनी मॅकिंटॉशसारखा वास्तुकार, वॉल्टर ब्लॅकीसारखा समंजस आणि पैसेवाला मालक, १९०२ ते १९०४ या काळात नव्याने उठवलेलं घर, आणि तरीही ते शंभर वर्षं पाणी पीत राहिलं. आज ते एका अवाढव्य पोलादी पिंजऱ्यात उभं आहे. विद्यार्थ्यांनी ज्याच्यावर वाद घालावा असं हे घर आहे, एवढंच मी म्हणाले. सरांनी "बरं, करा" म्हटलं आणि चहा मागवला.

प्रमाण १:५०. आधी १:१०० चा विचार होता, पण त्यात छपराच्या कडा कागदाच्या जाडीत हरवल्या असत्या. या घरात कडाच तर बघायच्या आहेत.

९ मे

प्रतिकृतीआधी नमुने. गवंडीकाकांना बोलावलं. त्यांनी पेठेतल्या वाड्यांच्या दुरुस्तीत हयात घालवली आहे. विटांचे दोन सारखे चौकोन रचायला सांगितले: एकावर चुन्याचा गिलावा, दुसऱ्यावर सिमेंटचा. दोन्हींवर पृष्ठभागापासून विटेपर्यंत जाणारी एकेक बारीक चीर मुद्दाम ठेवायची आणि जूनमध्ये दोन्ही गच्चीवर पावसात ठेवायचे.

"ताई, चुन्याला पावसाआधी महिना तरी द्या. सिमेंट आठवड्यात दगड होतं, चुना आपल्या चालीने जातो," काका म्हणाले. मुरवलेला चुना ते घरून बादलीत घेऊन आले, वर चार बोटं पाणी. त्यात गूळ आणि हिरड्याचं पाणी घालायचं का, असं त्यांनी विचारलं. नको म्हटलं. तिकडच्या चुन्यात गूळ नव्हता, आपली तुलना निदान तेवढी तरी सरळ राहू दे.

१४ मे

नकाशे वाचतेय. ग्लासगो विद्यापीठाने मॅकिंटॉशच्या कामांची मोठी नोंदवही सगळ्यांसाठी खुली केली आहे, तिचा फार उपयोग होतोय.

ब्लॅकी ग्लासगोचा प्रकाशक. त्याच्या कंपनीचा कला-संपादक टॅलविन मॉरिस याने मॅकिंटॉशचं नाव सुचवलं. ब्लॅकीला आधी भीती वाटली, ग्लासगो स्कूल ऑफ आर्ट रचणारा माणूस साधं राहतं घर कशाला घेईल? समोर आला तो तिशीतला तरुण. मॅकिंटॉशने त्याला किलमॅकमला नेऊन आपण बांधलेलं विंडीहिल दाखवलं आणि बोलणं जमलं.

मालकाच्या अटी वाचून मला त्याच्याबद्दल आदर वाटला. लाल कौलं नकोत. गिलाव्यात लाकडी तुळया दिसणारी नटवी भिंत नको. राखाडी खडबडीत गिलावा आणि स्लेटचं छप्पर चालेल. आणि जो काही परिणाम साधायचा, तो इमारतीच्या घडणीतून, तिच्या लहानमोठ्या आकारांच्या मांडणीतून साधा, वरून चिकटवलेल्या नक्षीतून नको. असा मालक आयुष्यात एकदा मिळाला तरी पुरे.

मॅकिंटॉश काही दिवस ब्लॅकी कुटुंबाकडे जाऊन राहिला. घरात कोण कधी उठतं, मुलं कुठे दंगा करतात, पाहुणे कुठवर आत येतात, हे सगळं बघितलं. त्यानंतर आतल्या खोल्यांची रचना पक्की केली आणि ती मान्य झाल्यावरच बाहेरच्या भिंतींची चित्रं काढायला घेतली. म्हणजे बाहेरून दिसणारं घर हे आतल्या घराचा हिशेब आहे. आमच्या कामाचा क्रम यावरून ठरला. नेहमी आम्ही आधी चार भिंती कापतो, या वेळी आधी आतल्या भिंती.

१६ मे

विषयांतर, पण नोंदवून ठेवते. अप्पा बळवंत चौकातल्या रद्दीच्या ढिगात इंग्रजीचं एक जुनं शालेय वाचनपुस्तक मिळालं. आतल्या पानावर ब्लॅकी अँड सन (इंडिया) लिमिटेड, वॉरविक हाउस, फोर्ट स्ट्रीट, बॉम्बे. हेच ते ब्लॅकी. १८०९ मध्ये ग्लासगोत सुरू झालेल्या या घराण्याच्या कंपनीची मुंबईत शाखा होती आणि आपल्याकडच्या कितीतरी शाळांत त्यांची पुस्तकं चालत. ज्या धंद्याच्या कमाईवर हेलेन्सबरोच्या टेकडीवर हे घर उभं राहिलं, त्या धंद्याची एक पेढी फोर्टात होती. आपल्या पणजोबांनी भरलेल्या पुस्तकाच्या किमतीतला एखादा आणा त्या जिन्यात गेला असेल, असं मी मैत्रिणीला म्हटलं. ती म्हणाली, "मग प्रवेश फुकट पाहिजे."

पुस्तक प्रदर्शनात मांडायचं. किंमत चाळीस रुपये, पावती नाही, खर्चाच्या वहीत लिहिलंय.

२२ मे

आतल्या भिंती उभ्या राहिल्या. ३ मिलिमीटरचा सनबोर्ड, वर कार्डशीट.

घर टेकडीच्या उतारावर आहे, दक्षिणेला खाली क्लाइड नदीचं विस्तीर्ण मुख. मुख्य भाग पूर्व-पश्चिम लांब आणि त्याला पूर्वेकडे नोकरांचा व स्वयंपाकाचा भाग काटकोनात जोडलेला. दिवाणखाना, जेवणघर, ग्रंथालय असं सगळं महत्त्वाचं दक्षिणेला, उन्हाच्या बाजूला. उत्तरेला येण्याजाण्याची वाट आणि जिना. आपल्याकडे असा नकाशा काढला तर सासूबाई विचारतील, दुपारी तिथे बसायचं कुणी? पण छप्पन्न अक्षांशावर ऊन ही मिळेल तेवढी घ्यायची वस्तू आहे.

प्रवेश पश्चिमेच्या अरुंद भिंतीत. आत शिरल्यावर लगेच उजव्या हाताला ग्रंथालय. कामासाठी आलेल्या माणसाला ब्लॅकी तिथेच बसवी, त्याला घरात पुढे यावंच लागत नसे. पुढे काही पायऱ्या चढल्या की गडद लाकडी पट्ट्यांचा मोठा हॉल लागतो. वाड्यात सोप्यावर बसवून बोळवण करायची पद्धत होती, तिचाच हा चुलतभाऊ. मुलांची खोली मात्र पार वर, पूर्वेच्या टोकाला. त्यांनी कितीही आरडाओरडा केला तरी दिवाणखान्यात ऐकू येणार नाही. घरात मुलं असलेल्या कुणाला तरी हे सुचलं असणार, असं मी म्हणाले. सहकारी म्हणाली, मॅकिंटॉशला मूल नव्हतं. म्हणजे ते राहून बघितल्याचं फळ.

२९ मे

बाहेरच्या भिंती. खिडक्या कापताना जीव मेटाकुटीला आला. एकही ओळ दुसरीशी जुळत नाही. एक उभी आणि चिंचोळी, शेजारची आडवी, तिसरी कोपऱ्यात जाऊन बसलेली. सुरुवातीला लहरीपणा वाटतो. पण आतल्या भिंती आधीच उभ्या असल्यामुळे एकेक खिडकी लावताना कळत गेलं, ही पलंगाजवळची, ही जिन्याच्या वळणावरची, ही बसून बागेकडे बघायची. आतल्या गरजेने भिंतीला भोक पडलं आहे आणि बाहेरून त्याची जी रांगोळी तयार झाली ती मॅकिंटॉशने तशीच ठेवली.

उत्तरेला मुख्य जिन्याचा अर्धगोल फुगवटा, त्यात उंच उभ्या खिडक्या. आग्नेयेला दोन भाग मिळतात त्या बेचक्यात गोल बुरूज आणि वर शंकूसारखी टोपी. स्कॉटलंडच्या जुन्या सरदारी गढ्यांची ही आठवण आहे. जाड भिंती, थोडी छिद्रं, कोपऱ्यात बुरूज. पण गढीची नक्कलही नाही. घर ताब्यात देताना मॅकिंटॉश काय म्हणाला ते ब्लॅकीने लिहून ठेवलं आहे: हे इटालियन व्हिला नाही, इंग्लिश हवेली नाही, स्विस शॅले नाही, स्कॉटिश किल्लाही नाही, हे राहतं घर आहे.

बुरुजाची गोलाई कार्डशीटला मागून चिरा देऊन साधली. जमली.

५ जून

आजचा दिवस कडांवर गेला, आणि माझ्या मते सगळ्या प्रकल्पाचं मर्म इथे आहे.

उतरत्या छपराच्या टोकाला जी त्रिकोणी भिंत वर येते, तिच्या माथ्यावर साधारणपणे दगडी टोपण बसवतात. आपण कोपिंग म्हणतो ते. ते भिंतीच्या जाडीपेक्षा थोडं बाहेर काढतात, खालून बारीक खाच ठेवतात, म्हणजे पाणी भिंतीवरून न ओघळता थेंब होऊन खाली पडतं. धुराड्याच्या माथ्यावर तसंच. खिडकीच्या वर तसंच. हे शहाणपण जगभरच्या गवंड्यांकडे आहे.

हिल हाउसमध्ये मॅकिंटॉशने ते काढून टाकलं. गिलावा भिंतीवरून वर चढतो, माथा ओलांडतो आणि पलीकडे उतरतो. मध्ये सांधा नाही, टोपण नाही, सावलीची रेघ नाही. म्हणूनच ते घर एकाच मातीच्या गोळ्यातून कोरल्यासारखं दिसतं. ब्लॅकीने मागितलेली घडण, आकारांची मांडणी, ती याच कडांमुळे इतकी धारदार होते. टोपण बसवलं असतं तर चांगलं, मजबूत, इतर चार घरांसारखं घर झालं असतं.

हे चुन्यात करायचं धाडस कुणी केलं नसतं. स्कॉटलंडमध्ये भिंतीवर खडीमिश्रित चुना थापीने फेकून मारण्याची जुनी रीत आहे, हार्लिंग म्हणतात. तो चुना पाणी शोषतो आणि ऊन-वारा मिळाला की सोडून देतो. तो झिजतो, काही वर्षांनी पुन्हा मारावा लागतो, पण आतला दगड कोरडा राहतो. मॅकिंटॉशच्या काळी पोर्टलंड सिमेंट हा नव्या युगाचा माल होता. जोसेफ अ‍ॅस्पडिनने १८२४ मध्ये त्याचं पेटंट घेतलं होतं आणि विसावं शतक उजाडेपर्यंत ते जलाभेद्य, टिकाऊ, सगळ्या दुखण्यांवरचा उपाय म्हणून विकलं जात होतं. मॅकिंटॉशने त्याच्यावर विश्वास ठेवला आणि हार्लिंगमध्ये सिमेंट वापरलं.

पुढे काय झालं ते काकांना नकाशा दाखवण्याआधीच ठाऊक होतं. "केसासारख्या चिरा पडणार. त्यातून पाणी ओढलं जाणार. आणि सिमेंट बाहेर जाऊ देणार नाही. वाड्याच्या भिंतीला हेच करतात, वरून सिमेंट थापतात, दोन वर्षांत आत लोणा आणि फुगून पोपडे. मालक म्हणतो, काका, ओल कुठनं आली? आता काय सांगू, तुम्हीच कोंडली."

प्रतिकृतीत या कडांसाठी जोड दिसता कामा नये. भिंतीचा आणि माथ्याचा कागद एकच ठेवून दुमडायचा असं ठरलं.

७ जून

मॅकिंटॉशचा वाढदिवस, जन्म १८६८. केक कुणी आणला नाही. दुपारी वीज गेली, लेझर कटर बंद, सगळे लवकर घरी.

१३ जून

पाऊस सुरू. दोन्ही नमुने गच्चीवर.

आतला एकच भाग पूर्ण तपशिलात करायचा, बाकी खोल्या नुसत्या पांढऱ्या. ब्लॅकीनेही काहीसं तसंच केलं होतं. हॉल, ग्रंथालय, दिवाणखाना आणि मुख्य शयनगृह या खोल्यांत मॅकिंटॉशचा हात सामानापर्यंत पोचला. जेवणघरात मात्र ब्लॅकीने आपलं जुनंच टेबल-खुर्च्यांचं सामान आणून ठेवलं. मला हे फार आवडतं. कलावंताच्या घरात राहायचं, पण जेवायचं आपल्या टेबलावर.

आम्ही शयनगृह निवडलं. इंग्रजी एल अक्षरासारखी खोली, सगळी पांढरी. पलंग एका कोनाड्यात, त्यावर अर्धगोल कमानी छत. कपाटं भिंतीत बेमालूम मिसळलेली, त्यांच्यावर गुलाबी काचेचे छोटे ठिपके. पलंगाजवळ बाहेर फुगलेली लहानशी वक्र खिडकी. या पांढऱ्यात काळ्या रंगाच्या दोनच गोष्टी डोळ्यात भरतात, शिडीसारख्या पाठीच्या दोन खुर्च्या.

ही खुर्ची आता जगभर पोस्टरवर आहे आणि इटलीतली एक कंपनी १९७०च्या दशकापासून ती बनवून विकते. उंची १४१ सेंटिमीटर, अ‍ॅश लाकूड, काळं केलेलं. बसायला ती भयंकर असणार, पण बसण्यासाठी नव्हतीच. पांढऱ्या खोलीत उभी रेघ हवी होती, ती खुर्चीच्या रूपाने काढली. आमच्या प्रमाणात उंची २८ मिलिमीटर. आडव्या पट्ट्यांसाठी बांगडीच्या दुकानातली काळी तार आणली, ती जाड निघाली. शेवटी काळ्या कार्डशीटवर लेझरने कापली. पट्ट्या इतक्या बारीक की शिंक आली तरी तुटतात. जादा करून काड्यापेटीत ठेवल्या आहेत.

याच खोलीत मार्गारेट मॅकडोनाल्डचं काम आहे आणि ते सोडून चालणार नाही. पलंगामागच्या भिंतीसाठी तिने केलेली भरतकामाची दोन लांब चित्रं आहेत, झोपाळलेल्या, स्वप्नाळू बायकांची. दिवाणखान्यात शेकोटीच्या वर जेसोमध्ये, म्हणजे प्लास्टरसारख्या पांढऱ्या लेपात, केलेली निद्रिस्त राजकन्या तिचीच. मार्गारेट ही मॅकिंटॉशची बायको, पण पुष्कळ ठिकाणी तिचं नाव "आणि पत्नी" इतक्यावर भागवतात. आमच्या पाटीवर दोघांची नावं सारख्या अक्षरात.

२१ जून

हार्लिंगचा पोत. खऱ्या भिंतीतला बारीक खडा काही मिलिमीटरचा, म्हणजे आमच्या प्रमाणात धान्याच्या पिठाइतका. नेहमीची चाळलेली वाळू लावली तर घर दगडगोट्यांचं वाटलं. रवा लावून पाहिला, पावसाळी हवेत त्याला बुरशी येईल म्हणून बाद. दगडी पांढरी रांगोळी मलमलीतून गाळली आणि राखाडी अ‍ॅक्रिलिकवर ओल्यातच भुरभुरली. चपखल! लांबून गुळगुळीत, जवळून खरखरीत, आणि तिरप्या उजेडात भिंत जिवंत होते.

मैत्रीण म्हणाली, ही भिंत सिमेंटची आहे आणि तू तिला रांगोळी घालतेयस.

छपराची स्लेट गडद करड्या कागदाच्या पट्ट्या कापून. कंटाळवाणं काम, कुणी तक्रार केली नाही, गाणी लावली होती.

२ जुलै

आज मोठा वाद. कुठलं घर दाखवायचं? १९०४ चं की आजचं?

आधी पुढचा इतिहास लिहून ठेवते. ब्लॅकी या घरात जवळजवळ पन्नास वर्षं राहिला आणि १९५३ मध्ये वारला. घर दुसऱ्या खासगी मालकाकडे गेलं. १९७२ मध्ये स्कॉटलंडच्या वास्तुकारांच्या संस्थेने ते विकत घेतलं, आणि १९८२ पासून नॅशनल ट्रस्ट फॉर स्कॉटलंड या वारसा जपणाऱ्या संस्थेकडे आहे. या सगळ्या काळात डागडुजी सुरूच होती. चीर दिसली की भर, फुगलेला गिलावा काढ, पुन्हा थाप. पाणी येतच राहिलं. क्लाइडवरून येणारा वारा पाऊस आडवा मारतो, आणि कडांवर काही नसल्याने ते पाणी थेट भिंतीच्या डोक्यातून आत. उष्णतेची छायाचित्रं आणि सूक्ष्मलहरींनी ओल मोजणारी यंत्रं लावून तपासणी झाली तेव्हा भिंती किती भिजल्या आहेत ते कळलं. घर पाण्याच्या पेल्यातल्या अ‍ॅस्पिरिनसारखं विरघळतंय, असं ट्रस्टकडूनच सांगितलं गेलं. भिंतींच्या आतल्या बाजूला मार्गारेट आणि मॅकिंटॉशचं रंगकाम, स्टेन्सिलचे गुलाब, लाकूड. बाहेरची ओल तिथवर पोचणं हा खरा धोका.

आणि या मधल्या काळात ग्लासगो स्कूल ऑफ आर्टला दोनदा आग लागली, २३ मे २०१४ आणि पुन्हा १५ जून २०१८. दुसऱ्या आगीत मॅकिंटॉशची ती इमारत जवळपास गेलीच. त्यानंतर हिल हाउसकडे कुणी फक्त एक चांगलं घर म्हणून बघू शकत नव्हतं.

सरांचं मत, १९०४ चं दाखवा, प्रतिकृती म्हणजे वास्तुकाराच्या मनातलं घर. माझं मत, पिंजऱ्याशिवाय दाखवलं तर ते पावसाच्या प्रदर्शनात कशाला आणलं हेच कळणार नाही. शेवटी तोडगा: पिंजरा सुटा करायचा, वरून काढता-घालता येईल असा. दोघांनाही तोडगा पूर्ण आवडलेला नाही.

१० जुलै

पिंजरा. कारमोडी ग्रोर्के या लंडनच्या वास्तुकारांनी रचलेला, जून २०१९ मध्ये लोकांसाठी उघडला. सगळ्या प्रकल्पाचा खर्च सुमारे ४५ लाख पौंड. पोलादी सांगाडा, वर भरीव छप्पर, आणि चारही बाजूंना स्टेनलेस स्टीलच्या कड्यांची जाळी. जुन्या योद्ध्यांच्या चिलखतात असते तशीच कडीत कडी अडकवलेली. कड्या सुमारे ३ कोटी २४ लाख, वजन ८ टनांहून जास्त.

काचेची पेटी का नाही केली, हा प्रश्न प्रेक्षक विचारणारच. शंभर वर्षं भिजलेली भिंत एकदम कोरडी केली तर तडकते, आतले क्षार वर येतात. तिला सावकाश वाळवायचं असतं, वारा खेळता ठेवून. जाळीतून वारा जातो, बराचसा पाऊस अडतो, थोडे तुषार आत येतात. बागेतल्या मधमाश्याही ये-जा करतात. दुसरी गोष्ट मला आणखी आवडली. पिंजऱ्याच्या आत जिने आणि पूल आहेत, लोक घराभोवती आणि छपरावरून चालतात. धुराड्याचं टोक, छपराची कड, तो टोपण नसलेला माथा, सगळं डोळ्यांसमोर. आजाऱ्याला भेटायला येणाऱ्यांना दुखणं नीट दिसेल अशी सोय फार कमी ठिकाणी करतात. बहुतेक ठिकाणी पत्रे लावून "काम सुरू आहे" अशी पाटी.

प्रत्यक्षातल्या कडीचा आकार १:५० मध्ये उतरवणं अशक्य. रविवार पेठेत शिवणकामाच्या सामानाच्या दुकानात रुपेरी नेट मिळाली. दुकानदाराने विचारलं, लेहेंगा की दुपट्टा? घर म्हटल्यावर त्याने अर्धा मीटर जास्त दिली. सांगाडा पितळी सळईचा, डाग देऊन जोडला.

१९ जुलै

नमुन्यांचा निकाल. मधे उघडीप मिळाली तेव्हा दोन्ही चौकोन भाजीच्या काट्यावर रोज तोलले. चुन्याचा चौकोन पावसात लवकर जड झाला आणि उघडीप मिळताच लवकर हलका. सिमेंटचा सावकाश जड झाला, आणि नंतर हलका व्हायचं नावच घेईना. चिरेजवळ गिलावा खरवडून बघितला, मागची वीट हाताला गार आणि ओली. बाहेरून मात्र सिमेंटचा चौकोन ठणठणीत कोरडा दिसतो. चुन्याच्या पृष्ठभागावर हिरवट डाग, एका कोपऱ्यात खडे सुटलेले.

प्रयोगशाळेचा प्रयोग नव्हे हे मान्य, पण दोन्ही चौकोन प्रदर्शनात हात लावून बघायला ठेवायचे.

काकांना विचारलं, हे घर तुमच्या हाती दिलं तर काय कराल? "सिमेंट काढीन, चुना मारीन, डोक्यावर शहाबादी लावीन दोन इंच बाहेर काढून. पन्नास वर्षं बघायला नको."

इथेच अडतं सगळं. शहाबादी, म्हणजे टोपण, लावलं की घर वाचतं पण ती अखंड कड जाते, मॅकिंटॉशने जी आकृती काढली ती जाते. टोपण न लावता नुसता चुना मारला तर कड राहते, पण तो उघड्या माथ्यावर किती तग धरेल? आणि सिमेंट काढून टाकणं म्हणजे वास्तुकाराने स्वतः निवडलेला माल फेकणं. सिमेंटच पुन्हा लावलं, तर सगळं इमानदारीने मूळचं, आणि दुखणंही मूळचं. जुन्या इमारती जपणारे लोक यावर तावातावाने भांडतात, आणि भांडायला हवंच. माझं मत विचाराल तर कड ठेवावी आणि माल बदलावा. या घरात मॅकिंटॉशने आकार काढला होता, सिमेंट त्याच्या हाताशी होतं म्हणून आलं. सर याच्या अगदी विरुद्ध आहेत. त्यांच्या मते नव्या मालावरचा त्या काळचा विश्वास हाही इतिहास आहे, आणि तो पुसायचा आपल्याला हक्क नाही. त्यांचं म्हणणं खोडून काढण्यासारखं मला अजून काही सापडलेलं नाही.

२७ जुलै

पाट्यांचा मजकूर पक्का. सर आणि मी दोघांची मतं शेजारी शेजारी, सारख्या लांबीत. काकांचं मत तिसऱ्या पाटीवर, त्यांच्याच शब्दांत. दोन इंचांसकट. त्यांना वाचून दाखवलं तेव्हा म्हणाले, "शहाबादी कशाला लिहिता, तिकडं कुठं मिळणार? दगड लिहा." बदललं.

३ ऑगस्ट

बांधाबांध. प्रतिकृतीसाठी प्लायवूडची पेटी, आत थर्माकोल. पिंजरा वेगळ्या पेटीत, नेटवर दाब येऊ द्यायचा नाही. स्वयंसेवकांसाठी सूचना: पिंजरा दोघांनी मिळून सरळ वर उचलायचा, तिरपा नाही, नाहीतर बुरुजाची टोपी अडकते. शयनगृहाचं छप्पर सुटं आहे, ते कुणाही पाहुण्याच्या हातात द्यायचं नाही. जादा खुर्च्यांची काड्यापेटी माझ्याकडे.

सिमेंटचा चौकोन अजून पूर्ण वाळलेला नाही. तो प्लास्टिकमध्ये गुंडाळू नका असं टेम्पोवाल्याला दोनदा सांगितलं आहे.